पुढच्या डाव्या चाकातल्या देवी

माझ्या नाती गाडीत बसल्या की मी आधी गाणी बंद करायला लावते. त्यांना वाटतं आजीला गाणी आवडत नाहीत. आवडतात. पण गाडी काय बोलून राहिली ते ऐकल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि या खोडीचं खापर मी रायपूरच्या एका गणिताच्या बाईवर फोडते. ती बाई म्हणजे मीच, नुकती चाळिशी ओलांडलेली. अंगाने काडी, नाकावर चष्मा आणि स्वतःच्या कानांचा एवढा तोरा, की फळ्यावर लिहिता लिहिता, पाठमोरी, शेवटच्या बाकावर कोण चिवडा खाते ते नाव घेऊन सांगायची. नाव दर वेळी चुकायचं, ते सोडा.

राज्य तेव्हा नुकतंच वेगळं झालं होतं. जुन्या इस्पितळात मंत्रालय बसलं होतं. रस्त्याच्या एका बाजूला मंत्र्यांसाठी नवं डांबर आणि दुसऱ्या बाजूला नळासाठी नाली खोदलेली, असं आमचं राजधानीचं शहर. सरकारी लोकांची वाटणी झाली तेव्हा आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, एका साहेबांच्या वाट्याला भोपाळ आलं. जाताना त्यांनी आपली पांढरी छोटी गाडी आम्हाला विकली. आमच्या यजमानांना गाडी चालवता येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. सरकारी माणूस, त्यांना कोणी तरी नेलेलं आवडायचं. म्हणून मी शिकले. पुढची डावी सीट यांची. देहही असा भरीव, की हे बसले की गाडी डावीकडे नमस्कार करायची.

त्या गाडीवर माझा जीव जडला. लग्नानंतर मी वळवीन तिकडे वळणारी घरात आलेली ती पहिलीच वस्तू.

पण ती वाजायची. वेग वाढला की पुढून घूंऽऽ असा सूर निघायचा, कोणी खोलीत कोंडून घेऊन तंबोरा छेडत बसल्यासारखा. मी आमच्या शाळेत वर्कशॉप शिकवणाऱ्या एका सहकाऱ्याकडून ऐकून घेतलं होतं, की गिअर काढून गाडी नुसती घरंगळू दिली आणि तरी सूर तोच राहिला, तर दुखणं इंजिनाचं नाही, चाकाचं. तसंच होतं. आता कोणतं चाक? त्याची युक्ती अशी, की चालत्या गाडीला जरा उजवीकडे वळवायचं. मग भार डाव्या चाकावर पडतो. तेव्हा सूर चढला तर डाव्या चाकाचं बेअरिंग गेलं.

एवढं कळल्यावर ती बाई काय गप्प बसते? मंत्र्यांच्या नव्या, रुंद, रिकाम्या रस्त्यावर ती गेली आणि डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे, मान तिरपी करून, डोळे अर्धे मिटून गाडी झुलवू लागली. शिपायाने शिट्टी फुंकली.

“दीदी, ये क्या नागिन जैसा चला रहे हो? तबीयत ठीक है?”

“मेरी ठीक है भैया, बेअरिंग की खराब है. उजव्या हाताला वळली की रडते.”

“मंत्रीजी का काफिला आ रहा है!”

“आने दो, उनका भी सुन लेती हूँ.”

आणि खरंच, काफिला गेला तेव्हा मी त्या शिपायाला सांगितलं की तिसऱ्या गाडीचं मागचं चाक ठीक नाही. त्याने मला घरी जायला सांगितलं.

गुढियारीतल्या मिस्त्रीने चाक उचलून वर-खाली धरून हलवलं तर ते दातासारखं हललं. हाताने फिरवलं तर आतून जात्यासारखी घरघर. बेअरिंगच होतं, आणि डावंच. मी महिनाभर हवेत होते. रिक्षेत बसले तरी “भैया, बेअरिंग” म्हणायची. एका लग्नात नवरदेवाच्या सजवलेल्या गाडीचंही निदान करून आले, वरात चालू असताना.

मग बेअरिंग बदललं, घूं गेली, आणि घूं जाताच तिच्याखाली दडलेला दुसरा आवाज वर आला. टक. छोटा खड्डा आला की टक, फाटकाचे रूळ आले की टक टक. पुढून, डावीकडून. मोठं मोहळ उठवून दिल्यावर एकच माशी कानाशी राहावी तसा.

गंमत अशी की हा आवाज फक्त मलाच ऐकू यायचा. हे शेजारी बसले की गाडी सासरी आलेल्या नव्या सुनेसारखी गप्प. मिस्त्री शेजारी बसला, आम्ही गुढियारीचे सगळे खड्डे पालथे घातले, एक टक नाही. मिस्त्रीही काही लहानसहान माणूस नव्हता. पान थुंकून तो म्हणाला, “दीदी, ये आवाज है ही नहीं.” तो उतरला, मी शंभर पावलं गेले नसेन, तोच टक.

आता शहाण्या बाईने काय ताडलं असतं? गणिताची बाई ना ती! रोज मुलांना वजाबाकी शिकवायची. माणूस आहे तर आवाज नाही, माणूस वजा केला की आवाज. एवढं समोर मांडून ठेवलेलं. पण तिने निष्कर्ष काढला, की गाडीला माझ्याशी एकटीशीच बोलायचं असतं.

पुरावा म्हणून तिने टेपरेकॉर्डर काढला. शेजारच्या सीटवर ठेवला, बटण दाबलं आणि पंडरीच्या बाजारापर्यंत जाऊन आली. संध्याकाळी चहाला सगळे जमले होते. हे, सासूबाई आणि अभनपूरहून आलेले माझे दीर. दिरांचं तिकडे खताचं दुकान होतं आणि या गाडीवर त्यांचा पहिल्या दिवसापासून डोळा होता. मी ऐटीत कॅसेट लावली.

कॅसेटमधून माझाच आवाज आला. आधी एक भजन, सुराशी फारसं नातं न ठेवता. मग: “आला! ... हा पाहा, आला! ... ऐका म्हणावं आता!” टक मात्र एकदाही ऐकू येईना, कारण जिथे जिथे टक व्हायचा तिथे तिथे मीच ओरडले होते. मग जरा वेळ हॉर्न. मग माझा आवाज, अगदी निवांत: “म्हणे भाऊजींले गाडी पाहिजे. खताच्या पोत्यावर बसायची सवय, गादी टोचंल त्यांले.” मी बटणाकडे धावले, पण सासूबाईंनी हात धरला. कॅसेट बोलली: “आणि आईंच्या वरणात आजही मीठ नव्हतं.”

“मीठ होतं,” सासूबाई म्हणाल्या.

“नव्हतं आई,” दीर म्हणाले. “बाकी वहिनीचं खरं असो नसो, वरणाचं खरं आहे. पण वहिनी, गाडी नाही वाजून राहिली. तुमचे कान वाजून राहिले.”

हे इतके हसले की चहा बशीतून मांडीवर गेला. मांडी पुसत पुसत त्यांनी निकाल दिला. “हे पाहा, पेट्रोल जाळत आवाज शोधत फिरते, सारा पारा हसून राहिला. यंदा महालक्ष्म्या आपल्याकडे आहेत. त्याच्या आत मले, माझ्या या दोन कानांनी, एकदा आवाज ऐकव. गाडी तुझी. नाही तर जेवणाले धाकटा येईल तेव्हा जाताना गाडी घेऊन जाईल. त्याच्या दुकानाले कामी येईल.”

दीर म्हणाले, “मी काही म्हणत नाही बाप्पा.” आणि किल्लीकडे पाहिलं.

त्या रात्री मी जेवले नाही. म्हणजे जेवले, पण बोलले नाही.

पुढे रोज मी यांना फिरवून आणायची. भाजीला चला, देवळात चला, नुसतेच चला. हे डावीकडे बसायचे, हात पोटावर, आणि प्रत्येक खड्ड्यानंतर माझ्याकडे मान वळवून म्हणायचे, “काहून? आज नाही आला पाहुणा?”

महालक्ष्म्यांची आमच्या घरची रीत अशी: एक वर्ष अभनपूरला दिरांकडे, एक वर्ष आमच्याकडे. देवींचे पितळी मुखवटे, ते ज्यांच्यावर चढवतात त्या पत्र्याच्या कोठ्या, दागिन्यांचा डबा, सगळं एका घरातून दुसऱ्या घरात जायचं. एरवी जीप सांगायचो. त्या वर्षी आदल्या रविवारी आम्ही आमच्या गाडीने आणायला गेलो. जाताना हे पुढे, सासूबाई मागे. अभनपूरपर्यंत एक टक नाही. मी मनातल्या मनात गाडीला शिव्या देत गेले.

परत निघताना मुखवटे रेशमी लुगड्यात गुंडाळून सासूबाई गाडीशी आल्या आणि यांना म्हणाल्या, “तू मागे बस.”

“काहून?”

“देवी पुढे बसतील. देवींच्या पुढे कोणी बसत नसते.”

“मग ही कशी बसते?”

“ती सारथी आहे, तिले माफ आहे. तू काय देवी आहेस का रे?”

हे मागे गेले. गाडी घेतल्यापासून पहिल्यांदा मागच्या सीटवर. गाडीने मागून नमस्कार केला. पुढच्या सीटवर दोघी देवी पट्टा लावून बसल्या. सासूबाईंनी थाळी आणि पळी काढली, देवी आणताना वाजवतात तशी वाजवायला. मी म्हटलं, “आई, थाळी दारात गेल्यावर वाजवा ना, इथे माझं लक्ष जाते.” त्या हिरमुसल्या, पण मानलं.

गावाबाहेर छोट्या लाईनचे रूळ रस्ता ओलांडतात. गाडी रुळांवर चढली.

टक टक.

मागून यांचा आवाज, जरा बारीक: “मुखवटे आपटून राहिले.”

मी गाडी थांबवली. मुखवटे वेगवेगळे केले. एक लुगड्यात, एक माझ्या शालीत. पुढे गेलो. टक.

“कोठ्या आहेत डिकीत. त्या वाजतात.”

थांबलो. कोठ्या काढल्या आणि यांच्या मांडीवर दिल्या. टक.

“दागिन्यांचा डबा.”

डबाही मांडीवर. थाळी, पळी, दिराने दिलेली पडवळं, सगळं यांच्या मांडीवर. हनुवटीपर्यंत संसार. टक.

“आई, तुझ्या बांगड्या वाजून राहिल्या.”

“माझ्या बांगड्या?” सासूबाई म्हणाल्या. “अरे मेल्या, काचेच्या आहेत त्या. किणकिण करतात. टक करतात का?”

मग हे कोठ्यांच्या मागून म्हणाले, “आवाज आहे.”

मी रस्त्याच्या कडेला गाडी लावून स्टिअरिंगवर डोकं टेकलं. रडले नाही. चष्म्यावर वाफ आली, एवढंच.

पण माणूस पुरुष, स्वस्थ कसा बसेल? “जवळून ऐकतो,” म्हणून हे पुढे आले. देवी मांडीवर घेतल्या आणि म्हणाले, “चल.” गेलो. खड्डा आला, गेला. दुसरा आला, गेला. काही नाही. “पाहा! गेला!” हे आनंदले. पुन्हा मागे बसवलं: टक. पुन्हा पुढे: गप्प. आणि तेव्हा, भर रस्त्यात, दोन्ही बाजूंना हिरवं धान उभं असताना, त्या गणिताच्या बाईच्या डोक्यात एकदाचा उजेड पडला. ती यांच्या दंडाला धरून जोरात ओरडली:

“अहो, तुम्ही जाडे आहात!”

“हे आत्ता समजलं काय तुले?”

“तसं नाही हो! भगोन्यावरचं झाकण पाहिलं ना? नुसतं असलं की खडखड करते. वर वरवंटा ठेवला की गप्प. तुम्ही वरवंटा आहात!”

मी बॉनेट उघडलं. डाव्या बाजूला धक्के झेलणाऱ्या शॉकअपचा वरचा गोल माथा असतो, त्याच्याखाली जाड रबर असतं. त्या माथ्यावर तळहात ठेवला आणि यांना म्हटलं, पुढून गाडी दाबा आणि सोडा. यांनी दाबली, सोडली. हातात धप्पकन लागलं. रबर बसलेलं. वर कोणी बसलं की फट दबायची, कोणी नसलं की मोकळी वाजायची. मग यांनी हात ठेवला आणि दाबायची पाळी माझी आली. मी काडी, गाडी हलेना. सासूबाईंनी पदर खोचला. आम्ही दोघी सासवा-सुना बॉनेटच्या बाजूला लोंबून वर-खाली, वर-खाली. सायकलवरचा एक जण उतरून उभा राहिला. “का होगे दाई, गाडी बिगड गे का?”

“हव,” सासूबाई धापा टाकत म्हणाल्या, “लइका समझत नइ हे.” पोराला कळत नाही म्हणे. पोरगा पन्नाशीला आलेला.

“लागला,” हे म्हणाले. “हाताले लागला.”

मी जिंकले होते. गाडी माझी झाली होती. निदान मी तसं समजून बॉनेट बंद केलं. तोवर हे हात पुसत म्हणतात कसे, “म्हणजे गाडी खराबच आहे ना? मग खराब गाडी काहून ठेवायची? धाकट्यालेच देऊन टाकू. तो करून घेईल दुरुस्त.”

पाहा बरं! आवाज नाही म्हणून जाणारी गाडी आता आवाज आहे म्हणून चालली.

मी काही बोलणार तोच सासूबाई म्हणाल्या, “तू मागे बस. देवींची जागा सोड. तुमचं रबर-बिबर मले समजत नाही. देवी पुढे बसल्या तेव्हाच बोलल्या, तू बसला की गप्प झाल्या. मी त्यांलेच विचारते.”

“आई, ते वजनामुळे...”

“बस म्हटलं ना.”

हे बसले. सामान पुन्हा मांडीवर. गाडी निघाली. सासूबाईंनी हात जोडले. “मायबायांनो, तुमचा कौल. बोललात तर नाही, गप्प राहिलात तर हो. गाडी धाकट्याले द्यायची?”

आता मी काय सांगते ते ऐका. तो रस्ता मला पाठ होता. समोर, जरा डाव्या हाताला, एक खड्डा होता. चहाच्या बशीएवढा. गाडी सरळ गेली असती तर चुकला असता. गाडी सरळ गेली नाही.

टक टक.

“नाही म्हणाल्या,” सासूबाई म्हणाल्या. “सूनबाईकडेच राहू द्यायची?”

मी वेग इतका कमी केला की मागून आलेली बैलगाडी आम्हाला ओलांडून गेली. डांबराच्या एका चांगल्या पट्टीवर गाडी लोण्यासारखी सरकली. एक आवाज नाही. आरशात मी पाहिलं, तर कोठ्यांच्या फटीतून यांचा एक डोळा माझ्याकडे पाहून राहिला होता. यांना सगळं कळलं होतं. पण हनुवटीशी दागिन्यांचा डबा, डाव्या बगलेत पडवळं, आणि शेजारी आई हात जोडून. अशा स्थितीत माणूस तर्क लढवत नाही.

जेवणाच्या दिवशी दीर आले, पुरणपोळी खाल्ली, आणि हळूच म्हणाले, “दादा, किल्ली?” हे ताटात पाहत राहिले. सासूबाईंनी देवींचा कौल सांगितला. दिरांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

“वहिनी, देवींनी खड्डा पाहून सांगितलं का?”

मी त्यांच्या वाटीत अजून अंबील वाढली आणि वाढतच राहिले, वाटी भरून हातावर येईपर्यंत.

गाडी राहिली. पण खरी पंचाईत पुढे होती. सासूबाईंनी बजावलं, की ते रबर बदलायचं नाही. देवी ज्यातून बोलतात त्याला हात लावायचा नसतो. आता मऊ रबर गेलेली गाडी चालवत राहिलं तर शॉकअपही जातो. मी पंडरीला ब्लाउजचं कापड घ्यायला जाते म्हणून निघाले आणि गुढियारीला जाऊन रबर बदलून आले. मिस्त्री म्हणाला, “मैं तो पहले ही बोला था दीदी.”

गाडी मखमल झाली. आणि दुसऱ्याच दिवशी सासूबाई पुढच्या सीटवर येऊन बसल्या. मुखवट्यांना दिलेल्या सीटवर देवींचं येणंजाणं राहते, म्हणाल्या. बसल्या बसल्या त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “दूधवाला दुधात पाणी टाकते काय?” उत्तर मलाच द्यावं लागलं. स्टिअरिंगच्या खाली, बोटाच्या पेराने. टक.

मग ते रोजचंच झालं. भाडेकरू चांगले आहेत का? टक. मोठ्या नणंदेला दिवाळीत बोलवायचं का? इथे मी जरा विचार करून, टक. डोळ्याचं ऑपरेशन करून घेऊ काय? इथे मी दोन्ही हात वर ठेवले, आणि त्यांनी ते करून घेतलं.

ऑपरेशननंतर पट्टी निघाली, नवा चष्मा आला, आणि मी त्यांना दवाखान्यातून घरी आणत होते. सासूबाई काचेतून रायपूर पाहत होत्या. दुकानांच्या पाट्या वाचत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं, आणि हात जोडले.

“मायबायांनो, सूनबाई इतके दिवस मले फसवून राहिली काय?”

नाही म्हणायचं तर टक करावा लागणार, आणि त्यांची नवी नजर माझ्या बोटांवर. टक केला नाही तर हो. गणिताची बाई घामाने भिजली. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, समोर पाहत, ती सिग्नलला थांबली.

सासूबाईंनी थोडी वाट पाहिली. मग आपलं पेर वाकवून स्वतःच डॅशबोर्डवर वाजवलं.

टक.

“नाही म्हणाल्या,” त्या म्हणाल्या. “चल आता, हिरवा लागला.”